अकरावा गॉज : हॉस्पिटलातले भयपट करणाऱ्यांना खुलं पत्र

भयपट लिहिणारे, दिग्दर्शक, छायाचित्रकार, ध्वनी आणि संकलन सांभाळणारे, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

आम्ही हॉस्पिटलात काम करणारी मंडळी. कोणी अतिदक्षता विभागात नर्स, कोणी भूलतज्ज्ञ, कोणी ऑपरेशन थिएटरमधले टेक्निशियन, कोणी शवागारात. भुताचे सिनेमे आम्हाला मनापासून आवडतात, आणि हॉस्पिटलात घडणारा असला तर पहिल्या आठवड्यातच बघतो. हे पत्र त्या आवडीपोटीच आहे.

भूत कसं दिसावं, कशासाठी यावं, हा तुमचा प्रांत. आमची तक्रार भुताभोवतीच्या हॉस्पिटलाबद्दल आहे. दिवे फडफडतात, चाकाची खुर्ची आपोआप सरकते, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला पांढऱ्या कपड्यातली बाई उभी असते आणि अख्ख्या मजल्यावर एकच नर्स. हे सगळं कुठल्याही रिकाम्या इमारतीत घडू शकलं असतं. हॉस्पिटलच का निवडलं, याचं उत्तर सिनेमात सापडत नाही.

आम्हाला विचाराल तर हॉस्पिटल मोजणीवर चालतं. पेशंट किती, खाटा किती, मॉर्फिनच्या अँप्युल (औषधाच्या काचेच्या छोट्या कुप्या) किती, मिनिटाला श्वास किती, सुया किती, गॉज (रक्त टिपायच्या जाळीदार कापडाच्या घड्या) किती. दर पाळीला, दर ऑपरेशनला, दर तासाला कोणीतरी मोजतं, लिहितं आणि सही करतं. अशा जागी मोजदादीत नसलेलं काही वावरत असेल, तर ते आधी आरशात दिसणार नाही. ते हिशोबात दिसेल.

ऑपरेशन थिएटरचंच घ्या. पोट उघडण्याआधी एकदा, आतली पोकळी बंद करण्याआधी एकदा आणि त्वचा शिवताना एकदा, अशी मोजणी होते. हत्यारं देणारी नर्स आणि बाहेरून सामान पुरवणारी नर्स मिळून मोठ्याने मोजतात. दोघींची नजर एकाच वेळी त्याच वस्तूवर असावी लागते. आकडा फळ्यावर लिहितात. ऑपरेशनच्या गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो. एक गॉज कमी भरला की शिवण थांबते. बादली, जमीन, चादरींच्या घड्या, बुटांखाली, मग पुन्हा पोटात शोध. तरीही नाही सापडला तर टेबलावरच एक्स-रे काढतात. आणि हे सगळं कोणीही आवाज न चढवता करतं.

आता फळ्यावर १० लिहिलेत आणि बाहेर ११ आले, असं दाखवा. जास्तीचा गॉज हीसुद्धा चूकच धरतात. पहिली मोजणी चुकली असेल, पाकिटात एक जास्त आला असेल, किंवा आधीच्या एखाद्या ऑपरेशनात आत राहून गेला असेल. टीम एकेक शक्यता खोडत जाते. पाकिटं तपासली, बरोबर आहेत. जुनी फाइल मागवली, तर याआधी ऑपरेशन झालेलंच नाही. पोटावर व्रणही नाही. अकरावा गॉज ट्रेमध्ये पडून आहे आणि त्यातला धागा हल्ली इथे येणाऱ्या मालासारखा नाही. परिचारिका तो चिमट्यात धरून दिव्याखाली नेते, पण फळ्यावर ११ लिहायला तिचा हात उचलत नाही. या प्रसंगाला संगीत लागणार नाही. भूत दाखवायचीही घाई नको.

वॉर्डातही अशा जागा पुष्कळ आहेत. अंमली औषधांचा साठा पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजायचा असतो. आणीबाणीच्या ट्रॉलीला क्रमांकाचं प्लॅस्टिक सील असतं, ते तोडल्याशिवाय कप्पा उघडत नाही आणि क्रमांक वहीत लिहिलेला असतो. सील शाबूत, क्रमांक तोच, आणि आत अ‍ॅड्रेनलिनची एक अँप्युल कमी. एवढं पुरे आहे.

आता सगळ्यात जुनी चूक. मॉनिटरवर सरळ रेषा, एक लांब बीप, आणि डॉक्टर शॉक देतो. शॉकने बंद पडलेलं हृदय सुरू होत नाही. हृदयाचे तंतू आपापल्या मर्जीने थरथरत असतात तेव्हा शॉक त्या सगळ्यांना एका क्षणात थांबवतो, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या पेसमेकरला, ठोक्याची लय ठरवणाऱ्या पेशींना, पुन्हा ताबा घेता यावा. रेषा सपाट असेल तर थांबवायला काही उरलेलंच नसतं. तिथे छाती दाबायची: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि दर २ मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा, कारण थकलेल्या हातांचा दाब नकळत उथळ होतो. दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन. एकजण फक्त वेळ मोजतो आणि मोठ्याने सांगतो. शॉक द्यायचे पॅडल एकमेकांवर घासायचे नसतात. हल्ली बहुतेक ठिकाणी चिकटणारे पॅड असतात. शॉकने माणूस हातभर उडत नाही, खांदे आणि छाती आखडतात, इतकंच.

आणखी एक बारकावा. हृदय खरोखर थांबलेलं असलं तरी रेषा थोडी हेलकावते. पट्टीने आखल्यासारखी रेषा दिसली की आमची नजर आधी पेशंटकडे जाते आणि मग तारांकडे, कारण बहुतेकदा छातीला चिकटवलेलं एखादं इलेक्ट्रोड सुटलेलं असतं. भयपटातली नर्स मॉनिटरकडे बघून किंचाळते, तिथेच आमचा विश्वास उडतो.

प्रयत्न थांबवल्यानंतर काय होतं, ते तुम्ही कधी दाखवत नाही, आणि खरी भीती तिथे आहे. छाती दाबणं थांबवल्यावर काही मिनिटांनी हृदय आपणहून पुन्हा सुरू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत १९८२ पासून आहेत. प्रकार फार विरळा. बायबलमधल्या, मेल्यावर पुन्हा उठलेल्या लाझारसवरून याला लाझारस फेनॉमेनन म्हणतात. म्हणून प्रयत्न सोडल्यावर निदान १० मिनिटं मॉनिटर चालू ठेवून लक्ष ठेवावं, असा सल्ला दिला जातो. ही १० मिनिटं पडद्यावर आणा. खोली आवरली जात आहे, रिकाम्या अँप्युल मोजल्या जात आहेत, दोघं उरले आहेत, घड्याळ चालू आहे. बघणाऱ्याला आधीच्या एखाद्या प्रसंगात एका वाक्यात नियम सांगून ठेवा, मग तोही तुमच्यासोबत मिनिटं मोजेल.

ध्वनी सांभाळणाऱ्यांना आमची खास विनंती. तुमच्या सिनेमातला बीप एकाच सुरात वाजत राहतो. पल्स ऑक्सिमीटरचा, म्हणजे बोटाला क्लिप लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा, आवाज तसा नसतो. प्रत्येक ठोक्याला एक बीप येतो आणि त्या बीपचा सूर रक्तातल्या ऑक्सिजनवर ठरतो. प्रमाण ९८ टक्के असताना सूर चढा, ९० ला उतरलेला, ८० ला आणखी खाली. थिएटरमध्ये कोणी मॉनिटरकडे बघत नसलं तरी सूर उतरायला लागला की बोलणी आपोआप थांबतात आणि माना वळतात. भीतीचं वाद्य तुमच्या हाताशी आयतं पडलेलं असताना तुम्ही व्हायोलिन कशाला आणता? बोट गार असेल, गडद नेलपॉलिश असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो, हेही वापरता येईल. बोटावरून क्लिप निघाली की यंत्र ठोके दाखवणं थांबवून सेन्सर सुटल्याचं सांगतं. मग क्लिप रिकाम्या चादरीवर पडलेली आहे, तिच्यात बोट नाही, आणि बीप चालूच आहे, सूर पायरी पायरीने उतरतो आहे, असा शॉट घ्या.

अलार्मचीही भाषा ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वात तातडीचा अलार्म १० स्वरांचा आणि लाल दिव्याचा, मधला ३ स्वरांचा आणि पिवळा, सर्वात सौम्य १ किंवा २ स्वरांचा. पडद्यावर सगळं एकाच भोंग्यात उरकतात. आणि आवाजाबद्दल बोलतोच आहोत म्हणून: १९९८ साली विक टँडी या इंग्लिश अभियंत्याने सहलेखकासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. वैद्यकीय उपकरणं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसायची. त्याचा माग त्याने एका पंख्यापर्यंत काढला, जो सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज करत होता. यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि बहुतेक स्पीकर इतका खालचा आवाज नीट देऊही शकत नाहीत. पण कथेत पंखा बंद करून पाहणारं एक पात्र हवं. आमच्यात तसं कोणीतरी असतंच.

वीज जाण्याचे प्रसंग तुम्हाला फार प्रिय आहेत. तुमच्याकडे वीज गेली की काळोख होतो आणि शांतता पसरते. अतिदक्षता विभागात वीज गेली की गोंगाट सुरू होतो. बॅटरीवर गेलेलं प्रत्येक यंत्र त्याची वर्दी देतं. जनरेटरने साधारण १० सेकंदांत भार उचलावा अशी रचना असते, आणि व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते, चांगली असेल तर अर्धा तास किंवा जास्त. तेव्हा नुसती वीज घालवून भागणार नाही. जनरेटर का लागला नाही आणि बॅटरी का उतरली, हे लेखकाला माहीत हवं. खरी कारणं साधी असतात. जनरेटर सुरू होतो पण भार बदलणारा स्विच अडकतो, किंवा बॅटरी जुनी होऊनही बदललेली नसते.

हे सगळं जुळवून आणलंत, तर तुमच्या हाती एक जबरदस्त प्रसंग आहे. व्हेंटिलेटर बंद पडला. नर्स पेशंटच्या श्वासाच्या नळीला अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबायची हवेची पिशवी, जोडते आणि हाताने श्वास देऊ लागते. साधारण दर ६ सेकंदांनी एकदा, मिनिटाला १०. मोठ्यांच्या पिशवीत दीड लिटरच्या आसपास हवा मावते, पण द्यायची असते अर्धा लिटर किंवा किंचित जास्त, म्हणून पिशवी पूर्ण पिळायची नाही. छाती वर आली की हात सैल. आता ती खाटेच्या डोक्याशी बांधली गेली. दार उघडलं तरी जाता येत नाही. मागे कोणी उभं आहे असं वाटलं तरी वळून बघायला ६ सेकंदच आहेत. आणि घाबरलेल्या माणसाचा हात नेहमी भरभर चालतो. मिनिटाला २५-३० वेळा पिशवी दाबली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब कोसळतो. म्हणजे तिने भीती हातापर्यंत येऊ दिली, तर पेशंट दगावेल. ती पुटपुटत एक ते सहा मोजते आहे. अंधारात दुसरा कोणीतरी तिच्यासोबत मोजायला लागतो. नायिका टॉर्च घेऊन एकटी तळघरात का उतरते, हा प्रश्न प्रेक्षक दर वेळी विचारतात. इथे तो प्रश्नच उरत नाही. ती जागेवरच आहे आणि जागा सोडू शकत नाही.

त्याच खाटेवरच्या पेशंटबद्दलही बोलायला हवं. कितीतरी सिनेमांत तोंडात नळी असलेला माणूस झपाटला जातो आणि किंचाळतो. ती नळी स्वरतंतूंच्या मधून खाली श्वासनलिकेत जाते. टोकाजवळ एक फुगा असतो, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने फुगवलेला, म्हणजे हवा बाजूने निसटत नाही. हवा स्वरतंतूंवरून जातच नाही, त्यामुळे आवाज निघणं शक्य नाही. फुगा गळत असेल तर घरघरीसारखा आवाज येऊ शकतो, आणि ती गळती व्हेंटिलेटरच्या पडद्यावर पकडली जाते: आत ४५० मिलिलिटर गेले, परत ३५० आले. आता हीच चूक ताकद कशी होते पाहा. पेशंट एक शब्द बोलतो. नर्स दचकते, पण लगेच फुग्याचा दाब तपासते: २५. मग पडद्याकडे बघते. आत ४५०, बाहेर ४५०. तेव्हा शब्द पुन्हा येतो.

अशा पेशंटना भास होणं फार सामान्य आहे. त्याला डिलिरियम म्हणतात. छतावर माणसं दिसणं, नर्स आपल्याला मारायला टपली आहे असं वाटणं, हे सगळं त्यात येतं, आणि त्यांची भीती शंभर टक्के खरी असते. लक्ष टिकतं का हे तपासायची एक साधी चाचणी आहे. पेशंटचा हात हातात घ्यायचा आणि इंग्रजी अक्षरं सावकाश, तीन तीन सेकंदांनी म्हणायची: एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी. 'ए' ऐकू आलं की त्याने हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष ठिकाणावर नाही. पेशंट प्रत्येक 'ए' सोडून देतो आणि भलत्याच अक्षरांना दाबतो, रोज रात्री त्याच अक्षरांना. पुढचं तुम्ही लिहा.

एमआरआयबद्दल थोडक्यात. त्या यंत्रातला प्रचंड चुंबक दिव्यासारखा बटणाने चालू-बंद होत नाही. अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) तारांची गुंडाळी उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवलेली असते. वीज गेली तरी चुंबक चालूच राहतो. तेव्हा लोखंडी ट्रॉली आणि पोलादी ऑक्सिजन सिलिंडर त्या खोलीत आणून मारामारी दाखवू नका, सिलिंडर गोळ्यासारखा आत खेचला जाईल. ठकठक आवाज फक्त तपासणी चालू असताना येतो. रिकाम्या खोलीत एकच आवाज अखंड चालतो, थंड करणाऱ्या पंपाची चुकचुक. तो अचानक थांबला, तर आम्ही दचकू.

शवागारात तुमची सगळ्यात मोठी गफलत ताठरपणाची असते. मृत्यूनंतर २ ते ४ तासांत पापण्या, जबडा, मान ताठायला लागतात, साधारण १२ तासांत सगळं शरीर ताठ होतं, आणि पुढे ते हळूहळू सैल पडतं. थंडीत हे सगळं लांबतं. त्यामुळे काल रात्री गेलेल्याचा हात स्ट्रेचरवरून लोंबकळत नाही. शीतकक्षाचं तापमान साधारण २ ते ४ अंश असतं. कूस बदलताना फुप्फुसात उरलेली हवा बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज येऊ शकतो, नव्या माणसाला हे आधीच सांगून ठेवतात. पण जो तपशील आम्हाला पडद्यावर बघायचाय तो वेगळा. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि त्वचा तिथे जांभळट होते. जिथे शरीर टेकलेलं असतं तेवढे ठिपके पांढरे राहतात. ८ ते १२ तासांनी हा रंग पक्का होतो. रात्री १० वाजता उताणं ठेवलेलं शव सकाळी उताणंच सापडतं. कप्प्याची नोंद आहे, कोणी उघडलेला नाही. आणि जांभळा रंग छातीवर आणि चेहऱ्यावर आहे. म्हणजे रात्रभर ते पालथं होतं.

दोन गोष्टी मात्र आम्ही चुका म्हणून सांगत नाही. त्या थांबवा, असं सांगतो. पहिली मेंदूमृत्यूची. मेंदू मृत झालेल्या माणसाचे हात कधी कधी आपोआप वर उचलले जातात, छातीवर येऊन टेकतात. ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची प्रतिक्रिया आहे, लाझारस साइन म्हणून ती ओळखली जाते. यावर "तो जिवंतच होता, डॉक्टरांनी अवयव चोरले" असा शेवट बांधू नका. दारापलीकडे एखादं कुटुंब त्याच घडीला अवयवदानाचा निर्णय घेत असतं आणि तुमचा सिनेमा त्यांनी पाहिलेला असतो.

दुसरी मनोरुग्णांची. बेवारस मनोरुग्णालय, दात विचकणारे पेशंट, तोंडातून फेस, विजेचे झटके. झटक्यांचा उपचार १९३८ साली रोममध्ये प्रथम झाला आणि सुरुवातीला तो भुलीशिवाय दिला जायचा, हे खरं. तुमची कथा त्या काळातली असेल तर तसं दाखवा. आजच्या काळातली असेल तर पेशंट पूर्ण भुलीत असतो, स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असतं, दातांमध्ये संरक्षक पट्टी असते, आणि विजेमुळे येणाऱ्या २० ते ६० सेकंदांच्या आकडीत बाहेरून फार काही दिसत नाही. म्हणून कधी कधी एका पायाला रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळून औषध तिथवर पोचू देत नाहीत, म्हणजे निदान पाऊल हललेलं दिसावं. तीव्र नैराश्यात या उपचाराने माणसं परत येतात. तुमच्या दृश्यांना घाबरून नातेवाईक संमती नाकारतात, तेव्हा नुकसान पेशंटचं होतं. मानसिक आजार असलेला माणूस हिंसा करण्यापेक्षा हिंसा सोसण्याची शक्यता जास्त असते. त्याला राक्षस करणं हा आळस आहे आणि तो आम्हाला क्षम्य वाटत नाही.

शेवटी कामाचं. सल्लागार शूटिंगच्या दिवशी बोलावू नका, तेव्हा तो फक्त स्टेथोस्कोप उलटा लावलाय का एवढंच सांगू शकतो. संहितेच्या पहिल्या खर्ड्याला नर्सला बोलवा, डॉक्टरच्याही आधी, कारण रात्रभर खाटेशी तीच असते. तिला एकच विचारा, की पाळी संपताना तू काय काय मोजतेस. कलाकारांकडून अंबू बॅग पुतळ्यावर १० मिनिटं सलग चालवून घ्या, म्हणजे बोटं कशी वळतात ते अभिनयात आपोआप येईल. आणि संकलन झालं की एकदा चित्राशिवाय नुसता आवाज आमच्यापैकी कोणाला तरी ऐकवा. कुठला पेशंट कुठल्या क्षणी ढासळला, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

कळावे,

रात्रपाळीतली मंडळी